पायपीआयवर पॅकेज चढवलं, त्याचा हिशेब

‘नदीमाप’ या माझ्या छोट्या पायथन लायब्ररीची ०.१.० ही आवृत्ती पायपीआय या संकेतस्थळावर अजून दिसते. तिच्यावर ‘यँक्ड’, म्हणजे मागे घेतलेली, असा शिक्का आहे आणि शेजारी मीच लिहिलेलं कारण: तक्त्याची फाईल आत घालायची राहिली. आपलाच करपलेला घाणा दुकानाच्या काचेत मांडून ठेवावा, तसं वाटतं बघताना. तरी या सेवेला मी पाचपैकी साडेचार तारे देते. कापलेला अर्धा तारा त्या शिक्क्यापायी नाही, तो कशापायी ते पुढे येईल.

मी कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या पोरांना जलविज्ञान शिकवते. प्रोग्रॅमिंग हा माझा धंदा नव्हे. पायथन चाळिशीनंतर शिकले, तेही विद्यार्थ्यांच्या खांद्यावरून डोकावून. ‘नदीमाप’ निघाली ती एका क्षुल्लक वाटणाऱ्या कटकटीतून. पावसाळ्यात इथे घरोघरी सकाळचा पहिला प्रश्न असतो, ‘राजाराम बंधाऱ्यावर किती?’, म्हणजे पंचगंगेची पातळी किती. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पातळी सांगतात फूट-इंचात, आणि लिहिणारा लिहितो मनाला येईल तशी: ४३ फूट १० इंच, ४३-१०, ४३.१०. हे शेवटचं स्प्रेडशीटमध्ये आकडा म्हणून टाकलं की शेवटचा शून्य गळतो आणि उरतं ४३.१. आता हे १ इंच की १० इंच? फरक नऊ इंचांचा. नऊ इंच म्हणजे काय ते पुराचं पाणी शिरतं त्या सुतारवाड्यातल्या माणसाला विचारा. आणि दशांशात नीट लिहायचं तर ४३ फूट १० इंच म्हणजे ४३.८३ फूट, जे कोणीच लिहीत नाही.

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांतल्या नोंदी विद्यार्थ्यांकडून जमवताना या टिंबानं माझं डोकं खाल्लं. म्हणून एक छोटी लायब्ररी लिहिली. ती अशी नोंद वाचते, मागच्या-पुढच्या वाचनांशी ताडून बघते, आणि जिथे शंका राहते तिथे गुपचूप अंदाज न ठोकता माणसाला विचारते. त्यापुढे पातळीवरून विसर्ग काढण्याचा वक्र बसवते आणि मस्किंगम पद्धतीनं पूर नदीतून खाली कसा सरकेल ते काढते. एवढंच काम.

दोन वर्षं ती झिप फाईल व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती. एके दिवशी दोन पोरं एकाच नोंदींवरून दोन वेगळी उत्तरं घेऊन माझ्यासमोर बसली. दोघांनी एकमेकांच्या चुका शोधायला दीड तास घातला. दोघांचीही चूक नव्हती. एकाकडे दिवाळीआधीची झिप होती, दुसऱ्याकडे नंतरची. त्या संध्याकाळी ठरवलं, हे आता चव्हाट्यावर मांडायचं, नंबर घालून.

पायपीआय म्हणजे पायथनच्या पॅकेजांचा सार्वजनिक बाजार. २००३ सालापासून आहे, पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था चालवते, माल मांडायला पैसे लागत नाहीत आणि न्यायलाही नाहीत. ‘पिप इन्स्टॉल’ म्हटलं की माल येतो तो इथूनच. मांडणीची तयारी एका संध्याकाळची. पायप्रोजेक्ट डॉट टॉमल नावाच्या एका फाईलीत नाव, आवृत्ती, परवाना, कुठलं पायथन लागेल, आणखी कुठली पॅकेजं लागतील हे लिहायचं. मग ‘बिल्ड’ चालवलं की दोन गठड्या बांधून मिळतात: एक मूळ सोर्सची, दुसरी ‘व्हील’, म्हणजे नुसती उघडून जागेवर ठेवायची तयार पेटी. ‘ट्वाईन’नं त्या वर पाठवायच्या. रात्री साडेअकराला माझी पानं जगाला दिसायला लागली. नवऱ्याला उठवून दाखवलं. तो म्हणाला, ‘छान आहे, झोप आता.’

रविवारी सकाळी पुण्याला एम.टेक. करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला.

‘मॅडम, तुमच्याकडं चालतंय काय?’

‘चालतंय की.’

‘मग इकडं का नाही चालत? फाईल सापडत नाही म्हणतंय.’

व्हील ही मुळात झिपच असते हे मला त्यानंच सांगितलं. फाईलीच्या शेपटीचं नाव बदलून उघडली. आत माझे सगळे प्रोग्रॅम शिस्तीत बसलेले, पण फूट-इंचाच्या निरनिराळ्या लिखाणांचा तक्ता, ज्याच्याशिवाय पहिली ओळसुद्धा वाचता येत नाही, तो गायब. पॅकेज बांधणारं साधन पायथनच्या फाईली आपण होऊन उचलतं. बाकीच्या, म्हणजे तक्ते वगैरे, उचल असं आपण सांगावं लागतं, आणि ते मी सांगितलंच नव्हतं. माझ्या संगणकावर चालत होतं कारण तिथे लायब्ररी ‘एडिटेबल’ पद्धतीनं बसवली होती, म्हणजे पेटीतून न काढता थेट माझ्या फोल्डरातूनच वाचली जात होती. घरच्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा हाताशी असतो, म्हणून डब्यात मीठ दिलं नाही हे घरात बसून कळत नाही.

दोन ओळींची दुरुस्ती. केली, बांधली, पाठवली. नकार आला: या नावाची फाईल आधी चढवलेली आहे. मी पानावर जाऊन फाईल पुसून टाकली आणि पुन्हा पाठवली. पुन्हा तोच नकार. एकदा वापरलेलं फाईलीचं नाव पुसलं तरी मोकळं होत नाही, असा पायपीआयचा नियम आहे आणि तो स्पष्ट लिहिलेला आहे. मी वाचला नव्हता.

त्या दिवशी चिडले होते. संध्याकाळी आण्णांकडे गेले तर तिथेही हीच तक्रार. आमचं पूर्वी गुऱ्हाळ होतं. आण्णांना संगणकातलं काही कळत नाही, पण त्यांनी शांतपणे विचारलं, ‘काहील उतरल्यावर पाकाचा परत रस करतीस काय?’ आणि पेपर वाचायला लागले.

नियमामागचं कारण मला जरा उशिरा उमगलं. कोणी आपल्या प्रबंधात ‘नदीमाप ०.१.१ वापरली’ असं लिहिलं, तर पाच वर्षांनी ०.१.१ मागितल्यावर अक्षरन् अक्षर तीच फाईल मिळायला हवी. मी मागच्या दारानं आतला माल बदलू शकले, तर ती पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवरची झिपच झाली, फक्त पत्ता भारदस्त. म्हणून चुकलेल्या आवृत्तीसाठी पुसण्यापेक्षा ‘यँक’ बरं. यँक केलेली आवृत्ती पिप नव्या माणसाला देत नाही, पण ज्यानं नेमका तोच नंबर मागितला त्याला नाकारतही नाही. मी पुसलेलं होतं ते व्हील, सोर्सची गठडी शाबूत होती. तिलाच यँकचा शिक्का मारला, कारण लिहिलं आणि ०.१.१ चढवली.

नवख्यांना एक सल्ला: आधी ‘टेस्टपायपीआय’वर रंगीत तालीम करा. वेगळं संकेतस्थळ, वेगळं खातं, तिथे फजिती झाली तरी चारचौघांत होत नाही. मात्र तिथून बसवून बघताना नमपायसारखी, आपल्या लायब्ररीला लागणारी बाकीची पॅकेजं मूळ पायपीआयवरून घ्यायला सांगा. तालमीच्या मंडपात ती असतीलच असं नाही. आणि चाचणी नव्या, कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे आधीचं काहीच बसवलेलं नाही अशा जागेत करा, आपल्या रोजच्या फोल्डरापासून लांब.

खात्याच्या कुलपाबद्दल. २०२४ च्या सुरुवातीपासून पायपीआयवर प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी सक्तीची आहे. फोन हरवला तर लागणारे रिकव्हरी कोड मी छापून माळ्यावरच्या पेटीत ठेवलेत, घराच्या कागदपत्रांशेजारी. महत्त्वाचा कागद खालच्या कपाटात ठेवायचा नाही, हे २०१९ नंतर शाहूपुरीत कोणाला शिकवावं लागत नाही. त्याहून चांगली सोय २०२३ मध्ये आली, ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’. गिटहबवर आपला कोड असतो, तिथूनच नवी आवृत्ती बांधून परस्पर पायपीआयवर जाते. गिटहब सांगतं ‘ही अमक्या प्रकल्पाची अमकी कामगिरी’, पायपीआय ते तपासून काही मिनिटांपुरती किल्ली देतं, काम झालं की किल्ली बाद. चोरायला कायमचा टोकनच कुठे पडून राहत नाही. पहिल्या आवृत्तीच्या आधीसुद्धा ही जोडणी करून ठेवता येते. पण तेवढ्यानं नाव राखीव होत नाही. तुम्ही गाफील राहिलात आणि दुसऱ्या कोणी त्या नावानं आधी चढवलं तर नाव त्याचं.

नावावरून आठवलं. ‘नदीमाप’ इंग्रजी अक्षरांत लिहिलं की शेवटच्या ‘माप’चा जगभर ‘मॅप’ होतो. आमच्या प्रकल्पावर आलेला पहिलाच प्रश्न होता, ‘नकाशा कुठे आहे?’ आधी एक ‘ए’ जास्त घातला असता तर वाचलो असतो. नंतर नाव बदलायचं म्हणजे नवं दुकानच थाटावं लागतं, तेव्हा राहू दिलं. नाव निवडताना एवढं ध्यानात ठेवा: जोडरेघ, अंडरस्कोर, टिंब, लहान-मोठी लिपी यातला फरक पायपीआय मानत नाही, सगळं एकच धरतं.

आता सी भाषेचं रामायण. ०.२.० मध्ये मला वेगाची हौस आली. मस्किंगममध्ये प्रत्येक तासाचा बहिर्वाह मागच्या तासावर अवलंबून असतो, पायथनच्या साध्या लूपमध्ये लांबलचक नोंदी हळू चालतात. म्हणून तेवढा तुकडा सी मध्ये लिहिला. वेग आला, पण डोकेदुखीही आली. सी आलं की व्हील प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आणि पायथनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळं बांधावं लागतं. नसेल, तर पिप सोर्सची गठडी उचलतं आणि वापरणाऱ्याच्याच संगणकावर सी जुळवायला बघतं. पोरांच्या विंडोजच्या लॅपटॉपवर ते करणारा कंपायलर कुठला? लाल अक्षरांची लांबच लांब माळ, आणि तिचा फोटो माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर. लिनक्ससाठी तर आणखी गंमत: व्हील मुद्दाम जुन्या लिनक्सच्या चौकटीत बांधायचं, म्हणजे नव्या-जुन्या बहुतेकांवर चालतं. त्याला ‘मेनीलिनक्स’ म्हणतात. हे सगळं ‘सीआयबिल्डव्हील’ नावाचं साधन गिटहबच्या यंत्रांवर बिनतक्रार करून देतं, आणि ते फार सुंदर आहे. एका आवृत्तीमागे वीसेक फायली चढायला लागल्या. मी स्वतःवर खूश होते.

मग तोच पुण्याचा पोरगा एका चहावर म्हणाला, ‘मॅडम, मस्किंगम म्हणजे नुसता फिल्टरच आहे की.’ बघा: आताचा बहिर्वाह म्हणजे आताच्या अंतर्वाहाचा काही हिस्सा, अधिक मागच्या अंतर्वाहाचा काही हिस्सा, अधिक मागच्या बहिर्वाहाचा काही हिस्सा, आणि या तीन हिश्श्यांची बेरीज एक. इलेक्ट्रॉनिक्सवाले अशालाच रिकर्सिव्ह फिल्टर म्हणतात, आणि सायपाय या शास्त्रीय गणिताच्या लायब्ररीत तो ‘एलफिल्टर’ या नावानं तयार आहे, आतून कंपाईल केलेला, वेगवान. सुरुवातीची किंमत तेवढी आपण नीट द्यायची. माझं दीडशे ओळींचं सी एका ओळीत बसलं. वीस वर्षं मस्किंगम शिकवतेय, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ०.३.० मध्ये सी काढून टाकलं आणि व्हील पुन्हा एकच झालं, कुठल्याही यंत्रावर चालणारं. शास्त्रीय लायब्ररी प्रसिद्ध करणाऱ्यांनी कंपायलरला हात लावण्याआधी नमपाय-सायपायची कोठी एकदा उलथीपालथी करून बघावी. तिथे बहुतेक सगळं असतं.

आता तो अर्धा तारा. तुम्ही काय मांडताय हे पायपीआयवर आधी कोणी बघत नाही. माझी तक्ता नसलेली पेटी तितक्याच आदबीनं स्वीकारली गेली जितक्या आदबीनं नमपायची स्वीकारली जाते. महाद्वार रोडवर सणाच्या दिवसांत कोणीही पथारी टाकावी, तसं. गर्दीचा बाजार असाच चालणार हे कळतं, आणि म्हणूनच मी बाजारात आले, हेही कळतं. पण प्रसिद्ध पॅकेजाच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडं करून खोटा माल ठेवणारेही याच वाटेनं येतात, ते सापडले की काढले जातात, तोवर ‘पिप इन्स्टॉल’ टाईप करताना आपली आपण नजर ठेवायची.

कोंडा-फोर्ज याच्या बरोबर उलट, आणि मला खरं प्रेम जडलं ते तिथे. २०१५ पासून स्वयंसेवकांनी उभी केलेली ही पॅकेजांची पेठ. आमच्या प्रयोगशाळेत सगळं कोंडावरच, म्हणजे पिपसारख्याच पॅकेजं बसवणाऱ्या साधनावर चालतं, कारण नकाशांसाठी लागणाऱ्या जीडॅलसारख्या पायथनबाहेरच्या अवजड लायब्ऱ्याही कोंडा सोबत आणतं. तिथे माल मांडायचा तर ‘स्टेज्ड-रेसिपीज’ या सामायिक कोठीत आपली पाककृती पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हे तपासून आत घ्या’ अशी विनंती, म्हणून ठेवायची: सोर्सची गठडी कुठे आहे, तिचा शा-२५६ ठसा (फाईल जराशी बदलली तरी बदलतो असा तपासणीचा क्रमांक) काय, काय काय लागतं, चाचणी कशी करायची. पायपीआयवरच्या पॅकेजावरून ही पाककृती ‘ग्रेस्कल’ बरीचशी लिहून देतं. मग आधी एक यंत्रमानव खोड्या काढतो, नंतर माणूस येतो.

लहानपणी आण्णांबरोबर मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला गेले होते. व्यापारी रव्याभोवती, म्हणजे गुळाच्या ढेपेभोवती फिरतात, रंग बघतात, कोपरा फोडून जिभेवर ठेवतात, कण बघतात, तोंडावर काहीच दाखवत नाहीत. आण्णा बाजूला उभे, हाताची घडी घालून, जणू त्यांचा त्या गुळाशी संबंधच नाही. माझ्या पुल रिक्वेस्टवर पहिली टिप्पणी आली तेव्हा मी अगदी तशीच उभी होते, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये. टिप्पणी होती: परवान्याची फाईल गठडीत दिसत नाही. खरंच नव्हती. परवाना अमका असं मी लिहिलं होतं, पण परवान्याचा मजकूरच सोबत दिला नव्हता, आणि त्या परवान्याची पहिली अटच ही की मजकूर प्रत्येक प्रतीसोबत जायला हवा. माझाच परवाना मी मोडत होते. पायपीआयवर माझ्या चार आवृत्त्या तशाच गेल्या होत्या. दुसरी सूचना: जे पॅकेज फक्त चाचणीला लागतं ते वापरणाऱ्याच्या माथी का? तेही बरोबर. ०.३.१ काढली, पाककृतीतला ठसा बदलला. पुढचा माणूस बघेपर्यंत थांबावं लागतं, ते लोक आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करतात. घाई असणाऱ्यानं इथे येऊ नये. कुठल्या देशातला तो माणूस, माझी पंचगंगा त्यानं कधी बघितली नसेल, पण माझ्या गठडीचा कोपरा फोडून त्यानं चव घेतली.

पुल रिक्वेस्ट मंजूर झाली की ‘फीडस्टॉक’ नावाची आपली स्वतंत्र कोठी आपोआप तयार होते. त्यानंतर पायपीआयवर नवी आवृत्ती आली की तिथला बॉट स्वतःच नंबर आणि ठसा बदलून पुल रिक्वेस्ट ठेवतो. आपण फक्त नवीन काही लागतंय का ते बघायचं आणि होकार द्यायचा. ते बघायचं काम मात्र खरंच करा.

झेनोडोबद्दल थोडक्यात. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेची ही कोठी २०१३ पासून चालू आहे. गिटहबशी जोडली की प्रत्येक रिलीझची प्रत कायमची जपून ठेवते आणि तिला डीओआय देते, म्हणजे प्रबंधात संदर्भ म्हणून देता येईल असा पक्का क्रमांक. जोडणीचं बटण रिलीझच्या आधी दाबायला हवं. मी नंतर दाबलं, त्यामुळे तिथे आमचा इतिहास ०.३.० पासून सुरू होतो. सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक डीओआय असतो आणि प्रत्येकीचा वेगळा. विद्यार्थ्यांनो, प्रबंधात जी वापरली तिचा द्या.

डाऊनलोडच्या आकड्यांवर जाऊ नका. पहिल्या आठवड्यात दोनशेच्या वर बघून मी स्टाफरूममध्ये पेढे वाटायच्या बेतात होते. पायपीआयवर येणारं प्रत्येक पॅकेज आपोआप उचलणारी आरसा-संकेतस्थळं आणि बॉट असतात, त्यांची ती गर्दी. नक्की माहीत असलेली माणसं आजमितीला अकरा, त्यात आमची नऊ.

सध्या ०.३.२ चालू आहे. पहाटे पायपीआयवर गेली, नऊ वाजता कोंडाच्या बॉटची पुल रिक्वेस्ट आली, सगळ्या खुणा हिरव्या. पण या वेळी सायपायची किमान आवृत्ती मी वाढवली आहे आणि बॉटनं पाककृतीत जुनीच ठेवली आहे. दुपारच्या प्रॅक्टिकलनंतर तेवढी ओळ बदलते आणि होकार देते.